क्रोमचा जावई

…नाही, पण मी म्हणतो, इंजिन काळंच कशाला असायला पाहिजे? कुठे लिहिलंय तसं? तवा काळा असतो, मान्य, पण तवा कोणी बैठकीत आणून ठेवत नाही! सायकलीचं इंजिन बसतं कुठे? सायकलीच्या मधोमध, माणसाच्या दोन गुडघ्यांच्या मधे, अख्ख्या जगाच्या डोळ्यांसमोर! तिथं काळं, खरबरीत, तेल गळणारं काहीतरी बसवलं की लोक म्हणणार, ‘वा, दणकट दिसतंय हं!’ आणि माझं? ज्यात बघून भांग पाडावा असं लखलखीत? ते पाहून काय म्हणणार? ‘हं.’ नुसतं ‘हं’! आता त्या चढावर जे झालं ते झालं, मी कुठे नाही म्हणतोय, माझं नाकच साक्षीला आहे, पण म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यानं मला अक्कल शिकवावी? परवा न्हाव्यानं शिकवली! वस्तरा गळ्यावर ठेवून म्हणतो, ‘साहेब, दिसण्यात काय असतं?’ अरे, तू न्हावी आहेस! दिसण्यात काही नसेल तर तू खुर्ची मांडून बसलायस कशाला?

तुम्हाला मुळापासून सांगतो, म्हणजे कळेल चूक कुणाची. माझ्या सासरेबुवांचं दुकान आहे, साध्या सायकलींना इंजिनं बसवायचं. म्हणजे कसं, आपली पायडलची सायकल घेऊन जायचं, ते फ्रेमच्या त्रिकोणात दोन मुठींएवढं इंजिन अडकवतात, वरच्या दांडीवर पेट्रोलची टाकी, डाव्या अंगाला दुसरी साखळी, मुठीपाशी क्लच. चार पायडल मारायची, क्लच सोडायचा, की फट्-फट्-फट्-फट् निघालात! एक खोली, एक लेथ, एक बाक आणि चाळीस वर्षांचं ग्रीस. म्हातारा त्यातच राबला. आता हात थरथरतात. मागे एकदा प्लग बसवायला गेले तर तीनदा खाली पडला, तिसऱ्यांदा थेट गिऱ्हाइकाच्या बुटात. मुलगा नाही. दोन मुली, दोन जावई. थोरला मी. आणि धाकटा… धाकट्याबद्दल बोलायचं तर मला आधी पाणी लागेल.

आधी माझं ऐका. मी कसा आहे ते तुम्ही बघताच आहात, म्हणजे नाक सोडून बघा, नाक पूर्वी मधे होतं. ही उंची, हे खांदे, बेचाळिसाव्या वर्षी डोक्यात एक पांढरा केस नाही! दिसायला म्हणाल, तर नाव ठेवायला जागा नाही! आणि याच भांडवलावर मी अठरा वर्षं नोकरी केली, तयार सुटांच्या दुकानात. काम काय? उभं राहायचं. दारात. नवा सूट घालून. हलायचं नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. एकदा मी एका गिऱ्हाइकाला नुसतं ‘या, बसा’ म्हणालो, तर मालक आतून धावत आले, ‘तुम्ही बोलू नका हो! तुम्ही बोललात की सूट हलका वाटायला लागतो!’ बरं, नाही बोललो. अठरा वर्षं नाही बोललो. म्हणून तर आता थांबत नाहीये!

आणि त्या मालकानं एके सकाळी काय करावं? खोक्यातून माणूस काढला. प्लास्टिकचा! पाय वेगळे, धड वेगळं, टक्-टक् जोडला, माझ्या जागेवर उभा केला आणि मला म्हणतात, ‘वाईट वाटून घेऊ नका हं. याला चहा लागत नाही, याला सुट्टी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे याचं पोट सुटत नाही.’ पोट! माझं! आहे कुठे? आत घेतलं की कुठे आहे? ‘महिनाअखेरपर्यंत या,’ म्हणाले, ‘आणि जाण्याआधी याला टाय तेवढा बांधून द्या, तुमच्या हाताला गाठ छान बसते.’ बांधला हो! आपल्याच जागी आलेल्या माणसाला आपल्याच हातानं टाय बांधून दिलाय कधी? मी दिलाय! आणि खोटं कशाला बोलू, मेला दिसायला म्हणाल, तर नाव ठेवायला जागा नाही.

तर आता महिन्याच्या शेवटी मी रस्त्यावर. दुसरं येतं काय? काही नाही. अठरा वर्षं उभं राहिलेल्या माणसाला बसायची नोकरी कोण देणार? राहिलं एकच, सासऱ्याचं दुकान. तेवढं मिळालं तर मिळालं, नाहीतर घरात बायकोसमोर उभं राहायचं, आणि ती काही सूट विकत घेत नाही.

पाणी द्या… हां. आता साडू. पंपांची दुरुस्ती करतो. घाईत उरकलेला माणूस आहे तो! एक कान मोठा, म्हणजे दुसऱ्या कानाचा काका शोभेल एवढा. दात असे, की तोंड मिटलं तरी बाहेर हजेरीला उभे. त्याच्या लग्नात फोटोवाला म्हणाला, ‘नवरदेव, जरा मागे सरका.’ सरकला. ‘अजून थोडं.’ सरकला. ‘अजून.’ सरकता सरकता चौकटीच्या बाहेर गेला, तेव्हा फोटोवाला म्हणाला, ‘हां, आता छान!’ आणि बोलतो किती? दोन शब्द. ‘बघू’ आणि ‘चालतंय’. जेवायला काय करू? ‘चालतंय.’ मी त्याला तोंडावर म्हटलं, ‘अरे, तुझ्या तोंडाकडे बघून पंप आपोआप पाणी ओकत असतील!’ सगळे हसले. तोही हसला. ‘चालतंय, दादा,’ म्हणाला. असल्या माणसाचा अपमान करायचा तरी कसा, सांगा!

आणि सासरेबुवा? त्यांना काय लळा त्याचा! मला मात्र ‘जावईबापू’ म्हणायचे, पण ‘बापू’ असं ओढून म्हणायचे की कुणीतरी शेपूट ओढतंय असं वाटावं. चारचौघांत सांगायचे, ‘आमची एक मुलगी क्रोमला दिली, एक बिडाला.’ बीड म्हणजे ते काळं ओतीव लोखंड हो. क्रोम मी! मला वाटायचं कौतुकच आहे. दहा वर्षं मी मान डोलावली! मग एकदा ही म्हणाली, ‘अहो, क्रोम म्हणजे वरचा मुलामा. आत काय आहे ते त्यात धरत नाहीत.’ आमची ही! त्या दुकानातच वाढलेली. लहानपणी उशाशी पिस्टन घेऊन झोपायची म्हणे. मी एकदा लाडात येऊन विचारलं, ‘माझ्यात काय पाहिलंस गं तू?’ तर म्हणते, ‘मी एकोणीस वर्षांची होते. आवाज ऐकायच्या आधी रंग बघितला.’ आता यावर माणसानं हसायचं की जेवण टाकून उठायचं? मी जेवलो. भाजी बरी झाली होती.

तर एका रविवारी, दुकानाच्या मागच्या खोलीत सगळे जेवून बसलो होतो, आणि सासरेबुवांनी किल्ली काढून मधे ठेवली. ‘माझे हात गेले,’ म्हणाले. ‘दुकान एकालाच देणार. दोघांत वाटलं तर दोघं मिळून बुडवाल. दोघांनी आपापलं इंजिन निवडायचं, आपणच बसवायचं, महिनाभर आपणच सांभाळायचं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी बायकोला मागे बसवून पुलापासून निघायचं आणि टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी यायचं. निघताना काय पायडल मारायची ती मारा, चढावर पायडल मारलं की बाद. मी वर खुर्ची टाकून बसतो. ज्याला एक इंजिन महिनाभर जपता येत नाही, त्याला मी चाळीस वर्षांचं दुकान देणार नाही.’ मी म्हटलं, ‘मंजूर!’ छाती पुढे काढून म्हटलं. साडू म्हणाला, ‘बघू.’

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं इंजिनवाल्याकडे. त्यानं फडताळातून दोन काढली. एक ते काळं. आणि एक… काय सांगू तुम्हाला! माथ्यापासून सायलेन्सरच्या शेपटापर्यंत क्रोम! दिवा लावायची गरज नाही खोलीत! इंजिनवाला म्हणतो, ‘साहेब, तुम्ही आणि हे इंजिन… एकमेकांना शोभता हो!’ आता दुकानदारी मला का कळत नाही? अठरा वर्षं मी स्वतः दुकानदारी होतो! पण खरं ते खरं. मी ताकद विचारली नाही. मी विचारलं, ‘सायलेन्सर खालच्या बाजूनंही असाच चमकतो का?’ तो म्हणाला, ‘खालच्या बाजूनं जास्त!’ संपला विषय. साडू तिकडे विचारत होता, ‘तेल किती?’ इंजिनवाला सांगत होता, ‘पेट्रोलमधेच मिसळायचं, लिटरमागे पन्नास मिली, विसरू नका, याला वेगळं वंगण नाही.’ आणि हा वेडा पेननं हातावर लिहून घेत होता! मी नाही ऐकलं, असं नाही. ऐकलं. पण मी त्या वेळी टाकीत बघून कॉलर नीट करत होतो.

बसवलं मीच. म्हणजे नट हिनं आवळले, साखळी हिनं जुळवली, क्लचची तार हिनं ताणली, पण कुठल्या बाजूनं कसं दिसतंय ते लांब उभं राहून सांगत कोण होतं? तेही काम आहे! आणि सुरू केलं तर काय… फट्-फट्-फट्, सुरेख! पहिल्या दिवशी बाजारातून चक्कर मारली, माणसं वळून वळून बघत होती. मुद्दाम सुटांच्या दुकानावरून गेलो. मालक बाहेर आले, सगळीकडून निरखून म्हणाले, ‘छान आहे हो! हे चालू न करता दारात ठेवता येईल का?’ मला नाही, इंजिनाला! दिसायला म्हणाल, तर नाव ठेवायला जागा नाही, एवढं त्या माणसालाही कबूल करावं लागलं.

पण धूर! तो मला कुणी सांगितला नव्हता. तेल जळतं, धूर निघतो, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळपट, चिकट ओघळ! माझ्या क्रोमवर! पहिल्या दिवशी पुसला. दुसऱ्या दिवशी पुसला. तिसऱ्या दिवशी राखाडी पँटवर ठिपके आले, आणि तुम्हाला सांगतो, माझ्या मनात विचार आला, साधा, सरळ विचार: ओघळ कशाचा? तेलाचा. मग तेल कमी करा! यात चुकीचं काय आहे? तुम्ही असता तर काय केलं असतं? पन्नासचं चाळीस केलं. काही झालं नाही. तीस केलं. ओघळ कमी! वीस केलं, आवाजही कसा खणखणीत यायला लागला. शेवटच्या आठवड्यात तर मी लिटरमागे एक चमचा घालत होतो, तोही चहाचा, तोही वरून सपाट केलेला! धूर बंद! ओघळ बंद! सायलेन्सर आतून पांढरा! मला वाटलं, एवढी साधी गोष्ट त्या कारखानेवाल्यांच्या डोक्यात कशी आली नाही?

ही विचारायची, ‘तेल किती घातलंत?’ ‘घातलंय.’ ‘किती?’ ‘पुरेसं.’ ‘अहो, पुरेसं म्हणजे किती?’ मी म्हटलं, ‘हे बघ, इंजिन माझं आहे, मामांनी सांगितलंय, ज्याचं त्यानं सांभाळायचं. तू मागे बस म्हणजे झालं.’ ती गप्प बसली. आमच्या घरात ही गप्प बसली की भांडी बोलतात, त्या दिवशी तीही बोलली नाहीत. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

आला रविवार! घोडामैदान जवळ! मी सूट घातला, दुकानातला, शेवटचा, गडद निळा, संध्याकाळी परत करायच्या बोलीवर आणलेला. टाय. रुमाल. इंजिनाला सकाळपासून तीन वेळा पुसलेलं. पुलापाशी साडू आधीच येऊन उभा. अंगात पंपाचे तेच कपडे, पायडलला चिखल, आणि ते काळं इंजिन! मधोमध तेल पाझरतंय, मागे धूर असा की मेहुणीनं नाकाला पदर लावलेला. मी म्हटलं, ‘काय रे, इंजिनाला न्हाऊ घालत नाहीस का?’ तो म्हणाला, ‘चालतंय, दादा.’ मी म्हटलं, ‘चालेल तोवर चालेल.’ आणि हसलो. मी एकटाच हसलो.

निघालो! आणि तुम्हाला सांगतो, सपाटीवर त्याला मी असा मागे टाकला, असा मागे टाकला, की वळून बघितलं तर नुसता धुराचा ठिपका! दुकानांच्या काचांत मी मला बघत होतो. सूट, टाय, क्रोम, मागे बायको… म्हणजे तिचं तोंड उतरलेलं होतं, पण एकंदर चित्र छान! मनात मी दुकानाची पाटीही रंगवून टाकली. आणि लागला चढ.

चढावर फट्-फट् बारीक झालं. मग त्यात एक चीं आली. लहान, मांजराच्या पिलासारखी. ही मागून म्हणाली, ‘अहो, वास येतोय का?’ मी म्हटलं, ‘अत्तर आहे.’ ‘तेलाचा वास येत नाहीये!’ मी म्हटलं, ‘मग चांगलंच आहे की!’ म्हणाली, ‘अहो, क्लच दाबा!’ मी म्हटलं, ‘आता? जिंकताना?’ ‘क्लच दाबा म्हणते ना!’ मी नाही दाबला. का दाबू? समोर दीडशे पावलांवर टाकी दिसत होती, खुर्ची दिसत होती, खुर्चीत म्हातारा दिसत होता, त्याच्या हातात किल्ली चमकत होती! आणि मग… चींऽऽ… खट्.

बस. एवढंच. खट्. पिस्टन आतल्या आत चिकटला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं, आणि सायकल थांबली तरी मी थांबलो नाही! मी हँडलवरून पुढे गेलो आणि रस्त्याला आधी कोण भेटलं, तर नाक. पडलो तरी नाक वर असं म्हणतात ना? माझं डावीकडे! उठून बघतो तर ही मागे, रस्त्याच्या कडेला, दोन पायांवर व्यवस्थित उभी! केसही विस्कटला नव्हता! तिनं आधीच उडी मारली होती! मी म्हटलं, ‘मला सांगायचंस तरी!’ म्हणाली, ‘दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा उतरले.’

तेवढ्यात मागून धुराचा ठिपका आला. फुटूक-फुटूक-फुटूक. सरळ जायला हवं होतं ना त्यानं? मी गेलो असतो! हात हलवत गेलो असतो! तर हा थांबला. म्हणतो, ‘दादा, लागलं का?’ मेहुणी उतरली, माझ्याकडे बघितलं आणि तोंडात पदर कोंबला, ‘अगं बाई! भावोजी, तुमचं नाक कुठं चाललंय?’ आणि ही? नवऱ्याच्या नाकातून रक्त येतंय, आणि ही इंजिनापाशी वाकून बसली हो! हात न लावता, नुसता गाल जवळ नेऊन. टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला. माझ्याकडे बघितलं. ‘किती?’ मी म्हटलं, ‘एक चमचा.’ ‘जेवणाचा?’ ‘…चहाचा.’ साडूनं तोंड फिरवलं. पहिल्यांदाच मी त्याला असा गंभीर बघितला. माणूस मेल्यावर चेहरा करतात तसा चेहरा केला होता त्यानं, इंजिनासाठी!

‘टाय काढा,’ ही म्हणाली. मला वाटलं नाकाला बांधतेय. काढून दिला. तिनं तो गरम प्लगवर गुंडाळला! रेशमी टाय! साडूकडून पाना घेतला, प्लग काढला, त्याच्याच बाटलीतून भोकात तेल ओतलं, आणि बसली शेजारी दगडावर. पंधरा मिनिटं. मी म्हटलं, ‘आता काय?’ ‘निवू दे.’ मी म्हटलं, ‘आणि माझं नाक?’ ‘तेही निवू दे.’ मग उठली, सायकल पुढे-मागे, पुढे-मागे डुलवली, आत कुठेतरी खळ्ळ झालं आणि चाक सुटलं! टाकीत तेल ओतलं, हातानं नाही मोजलं, डोळ्यांनी मोजलं, प्लग आवळला, आणि बसली की सीटवर! मी मागे बसायला गेलो तर म्हणाली, ‘तुम्ही ढकला.’

ढकललं हो! उसना सूट, वाकडं नाक, टाय नाही, आणि मी चढावर बायकोला ढकलतोय! दहा पावलं ढकलली, तिनं क्लच सोडला आणि त्या इंजिनानं, त्याच इंजिनानं, माझ्या इंजिनानं, असा आवाज काढला, जाड, भरलेला, मी कधी ऐकलाच नव्हता तो! काळा धूर भस्सकन माझ्या तोंडावर सोडला आणि गेली! पायडलला पाय न लावता, सरळ, वर! सायलेन्सरवर तेलाचा ओघळ हा एवढा! आणि काय सांगू, पाठमोरी ती बाई आणि ते बरबटलेलं इंजिन… दिसायला म्हणाल, तर… जाऊ द्या.

साडू माझ्या नाकाला त्याचा रुमाल बांधत होता. मी म्हटलं, ‘आता जा ना तू! अजून पकडशील! दुकान जातंय तुझं!’ तर म्हणतो, आणि हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य, ‘मला नकोच होतं, दादा. मला पंप आवडतात. मामा म्हणाले ये, म्हणून आलो.’ नकोच होतं! महिनाभर मी ज्याच्या नावानं जळत होतो, झोपेत ज्याच्या चाकातली हवा काढत होतो, तो शर्यतीत नव्हताच! मग मी हरलो कुणाशी?

साडूची सायकल ढकलत आम्ही तिघं चालत वर पोचलो तेव्हा किल्ली हिच्या हातात होती. कोपरापर्यंत काळी, गालावर तेलाचा पट्टा, आणि हसत होती. सतरा वर्षांच्या संसारात तिला मी इतकी खूष कधी पाहिली नव्हती. मी सासरेबुवांना म्हटलं, ‘मामा, नियम दोघांनी बसून यायचं असा होता!’ म्हातारा म्हणाला, ‘नियम जावयांना होता. ही दहा वर्षांची होती तेव्हापासून कुठल्या इंजिनाला काय झालंय ते हिला माझ्याआधी कळायचं, आणि मी जावयांच्या परीक्षा घेत बसलो. माझीच अक्कल गहाण पडली होती.’ मी म्हटलं, ‘पण इंजिनच फसवं निघालं हो! नुसतं वरून…’ तर म्हाताऱ्यानं काठीनं माझं इंजिन टक्-टक् वाजवलं, साडूचं टक्-टक् वाजवलं. ‘दोन्ही एकाच साच्यातली आहेत, जावईबापू. आत तसूभर फरक नाही. इंजिनाला कशाला नावं ठेवता? चमकूनही चांगलं चालत होतं बिचारं. त्याला तुम्ही भेटलात.’

नाक? डॉक्टर म्हणाले, बसेल, पण म्हणाल तिथं नाही बसणार. सुटांच्या दुकानात गेलो, सूट परत करायला आणि जमलं तर हातापाया पडायला. मालकांनी मला धरून त्या प्लास्टिकवाल्याच्या शेजारी उभं केलं, एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, ‘तुम्हीच सांगा.’ काय सांगणार? टाय कुठाय, विचारत होते. पळालो.

मग हिनंच ठेवलं मला दुकानात. पुसायला! म्हणाली, ‘बाकी कशाला हात लावू नका, दुरुस्त झालेली इंजिनं तेवढी पुसून ठेवा.’ आता पुसणं म्हणजे माझा हातखंडा! आठवडाभरात सात इंजिनं अशी लखलखीत केली, गिऱ्हाइकं ओळखेनात! आणि खरंच ओळखेनात हो! कारण प्रत्येक इंजिनाच्या बुडाशी ते बारीक बारीक चरे होते ना, ओळीनं, मला वाटलं कुणीतरी खिळ्यानं ओरखडलंय, म्हणून मी काचपेपर घेऊन, दोन-दोन तास घासून, एकूण एक काढून टाकले. ते इंजिनाचे नंबर होते. सात गिऱ्हाइकं, सात इंजिनं, कुणाचं कुठलं कुणाला कळेना, दुकानाच्या दारात ही गर्दी, आणि ही मधे उभी राहून एकेक इंजिन सुरू करून, डोळे मिटून, आवाजावरून ज्याचं त्याला देत होती! सातही बरोबर! लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर हात पुसत माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘उद्यापासून येऊ नका.’ मी म्हटलं, ‘दुकानात की घरी?’ तर ही विचार करत उभी राहिली हो! चांगला मिनिटभर! मग म्हणाली, ‘दुकानात. घरचं बघून सांगते.’

तीन आठवडे झाले या गोष्टीला. मी काही विचारत नाही. उगाच कशाला आठवण करून द्या?